जामीन मंजूर झाला, तरी मुलगा आतच का?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या मुलाला जामीन मिळून तीन आठवडे झाले, तरी तो तुरुंगातच आहे, असं कसं? मी तालुका कोर्टात फौजदारी कामं करतो, त्यातली बरीचशी विधी सेवेकडून, म्हणजे सरकारी मोफत कायदेशीर मदतीतून आलेली. हाच प्रश्न कोर्टाच्या पायऱ्यांवर कितीतरी आयांनी मला विचारलाय.

जामीन मंजूर होणं वेगळं आणि जामीन भरणं वेगळं. आदेशात बहुतेक वेळा असतं: १५,००० रुपयांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. जातमुचलक्याला आरोपीची सही पुरते. घोडं अडतं ते जामीनदारापाशी. त्याने सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगाराची स्लिप आणायची, कुठे तहसीलचा ऐपतीचा दाखलाही मागतात, मग पडताळणी. पोटासाठी शहरात आलेल्या माणसाच्या ओळखीत असा जामीनदार असणार कुठून?

गेल्या वर्षी माझ्याकडे एक बांधकाम मजूर होता. साइटवरची तांब्याची वायर चोरल्याचा आरोप, पहिलाच गुन्हा. त्याचा सख्खा भाऊ विदर्भातून रात्रभर एसटीने आला. सातबारा चुरगळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवलेला. जमीन जिल्ह्याबाहेरची म्हणून जामीनदार नाकारला. त्याने कागद परत पुठ्ठ्यांत ठेवला आणि मला विचारलं, "वकीलसाहेब, जमीन खोटी आहे का?"

१९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याच्या बाबतीत हेच झालं होतं. १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि भाऊ दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. इतक्या वर्षांनीही तोच नकार ऐकावा लागतो, याचा मला मनापासून संताप येतो.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार कैदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले. सगळेच जामिनापायी अडकलेले नाहीत. कुणाचा अर्ज फेटाळलेला, कुणाची तारीखच पुढे सरकत नाही. पण कोर्टाने सोडायला सांगूनही आत असलेला माणूस मला सगळ्यात जास्त सलतो.

नियम नाहीत असंही नाही. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय: जामिनानंतर ७ दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकतं. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटले कसे चालवायचे त्या कायद्याच्या, कलम ४७९ नुसार आधी कधीच दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर काही अपवाद सोडता त्याला सोडायचं असतं. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. हे दिवस मोजायचे कुणी, तिथेच गाडी अडते.

माझा मजूर अट बदलण्याच्या अर्जावर सुटला. जामिनाच्या आदेशानंतर ४३ दिवसांनी.

तुम्ही उद्याच त्या मुलाच्या आईला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच ते आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत न्या आणि अर्जात दोनच गोष्टी मागा: 'स्थानिक' हा शब्द काढावा, नाहीतर थोडी रोख रक्कम भरून सोडावं. लिहिताना अडलात तर आदेशातली अटीची ओळ इथे टाका, मी मसुदा करून देतो. मुलाचं नाव मात्र टाकू नका.