झुरळाशी बोलायला हिरो नाही म्हणाला तेव्हा

अगं, तुझा लांबलचक मेसेज परवाच वाचला होता, पण एका एपिसोडचे डायलॉग सकाळपर्यंत द्यायचे होते म्हणून उत्तर राहिलं, रागावू नकोस. तुझे प्रश्न तीन. पतसंस्थेतली नोकरी सोडून मुंबईला येऊ का, इंग्रजी यथातथा आहे तर या लाइनमध्ये निभाव लागेल का, आणि डायरेक्टर व्हायला सुरुवात कुठून करायची. तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर एका झुरळापाशी आहे.

बिली वायल्डर माहितीये ना, 'सम लाइक इट हॉट' आणि 'द अपार्टमेंट'वाला? डायरेक्टर म्हणून नाव व्हायच्या आधी तो पॅरामाउंट या हॉलिवूडच्या स्टुडिओचा पगारी लेखक होता. १९४१ साली त्याने आणि त्याचा जोडीदार लेखक चार्ल्स ब्रॅकेट याने लिहिलेला 'होल्ड बॅक द डॉन' हा सिनेमा आला. त्यातला हिरो युरोपातून आलेला, मेक्सिकोच्या बॉर्डरवर एका कळकट हॉटेलात अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत पडलेला. यांनी सीन लिहिला की भिंतीवरून झुरळ चाललंय आणि हिरो त्याला अडवून बॉर्डरवरच्या साहेबाच्या थाटात विचारतो, कुठे निघालास, व्हिसा आहे का. हिरो होता शार्ल ब्वाये, मोठा स्टार. तो म्हणाला झुरळ काय उत्तर देणारे का, मी नाही बोलणार असलं काही. डायरेक्टर मिचेल लायसनने त्याचं ऐकलं आणि सीन उडाला. वायल्डर इतका भडकला की शेवटचा भाग लिहायचा बाकी होता त्यात त्याने ब्वायेचे संवाद कापत नेले, म्हणजे झुरळाशी बोलायचं नाही ना, मग कोणाशीच बोलू नको!

हसू येतं, पण त्या सीनसाठी एवढा जीव का जळला ते बघ. १९३४ मध्ये हा माणूस स्वतः तसाच मेक्सिकोत, मेहिकालीला, अमेरिकेच्या व्हिसासाठी बसला होता. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये बर्लिन सोडून पॅरिसला पळालेला ज्यू पोरगा, तिथून अमेरिकेत व्हिजिटर म्हणून आलेला, कायमचं राहायचं तर देशाबाहेर जाऊन परत रीतसर आत यायचं, आणि हातात कागद म्हणाल तर जेमतेम. व्हिसा देणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याने, म्हणजे कॉन्सलने, विचारलं काय करतोस, हा म्हणाला सिनेमे लिहितो. त्या माणसाने जरा येरझाऱ्या घातल्या, शिक्का मारला आणि म्हणाला, चांगले लिही. ही गोष्ट वायल्डरने १९८८ च्या ऑस्कर सोहळ्यात स्टेजवरून सांगितली, पन्नासहून जास्त वर्षांनी, त्या कॉन्सलची आठवण काढत. मागे राहिलेली त्याची आई नाझींच्या हातून मेली. आता सांग, झुरळाला व्हिसा विचारणं हा त्याच्यासाठी नुसता विनोद होता का?

म्हणून तो डायरेक्टर झाला. लिहिलेलं कोणी वाटेल तसं उडवू नये, एवढंच कारण. कॅमेऱ्याचं वेड वगैरे नंतरचं. तसं पॅरिसला असताना एका सिनेमाचं अर्धं डायरेक्शन केलं होतं, पण हॉलिवूडमधला पहिला 'द मेजर अँड द मायनर' १९४२ चा, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा. आणि हुशारी बघ, पहिला सिनेमा मुद्दाम धंदा करेल असा घेतला, जिंजर रॉजर्स रेल्वेचं अर्धं तिकीट काढायला बारा वर्षांची पोरगी बनते असला हलकाफुलका. टेक्निकल बाजू कच्ची म्हणून डोन हॅरिसन नावाच्या एडिटरला सेटवर शेजारी ठेवला आणि त्याच्याकडून शिकला की लागेल तेवढंच शूट करायचं, जादा फुटेज ठेवलंच नाही तर मागून कोणी वेगळं कापणार कशातून?

माझाही एक सीन असाच गेलाय, चॅनेलचं नाव नको, पण मी गप्प बसलो. खरं सांगू, तो सीन तेवढा चांगलाही नव्हता.

इंग्रजीचं म्हणशील तर वायल्डर अठ्ठाविसाव्या वर्षी जवळपास इंग्रजीशिवाय पोचला. रेडिओ ऐकून, बेसबॉलची कॉमेंट्री ऐकून, रोज नवे शब्द पाठ करून शिकला आणि पाच-सहा वर्षांत 'निनोच्का'च्या पटकथेसाठी ऑस्करचं नॉमिनेशन. पण एकट्याने नाही हं. पॅरामाउंटने १९३६ मध्ये त्याची जोडी ब्रॅकेटशी लावली, तो घरंदाज अमेरिकन, शांत, भाषेवर हुकूमत असलेला, हा खोलीभर फेऱ्या मारत बोलणारा. भांडायचे भरपूर, पण टिकले 'सनसेट बुलेव्हार्ड'पर्यंत, म्हणजे १९५०. मधे 'डबल इन्डेम्निटी'ची गोष्ट ब्रॅकेटला घाणेरडी वाटली म्हणून वायल्डर रेमंड चँडलर या डिटेक्टिव्ह कादंबऱ्यावाल्याबरोबर लिहायला बसला, तर चँडलरने स्टुडिओकडे तक्रार केली की हा माणूस घरात टोपी घालतो, छडी नाचवतो आणि सारखा बायकांशी फोनवर असतो. तरी स्क्रिप्ट कशी झाली बघच एकदा. तर तुझ्यात जे कमी आहे ते ज्याच्यात आहे असं कोणीतरी शोध, भांडण झालं तरी चालेल.

राहता राहिली नोकरी. तू लिहिलंयस की काउंटरवर वर्षं फुकट चालली आहेत. सुखा नावाच्या गावात, म्हणजे आताच्या पोलंडमध्ये, १९०६ ला जन्मलेला हा पोरगा व्हिएन्नात पेपरचा रिपोर्टर होता, मग १९२६ मध्ये पॉल व्हाइटमन या जॅझवाल्याच्या मागे बर्लिनला गेला आणि तिथेच राहिला. पैशांची चणचण इतकी की ईडन हॉटेलात एकट्या आलेल्या बायकांबरोबर पगारावर नाचायचं काम केलं. त्यावर पेपरात लेखमाला लिहिली! दिवसा दुसऱ्यांच्या नावावर स्क्रिप्ट लिहायच्या ते वेगळंच. मला नेहमी वाटतं, 'सनसेट बुलेव्हार्ड'मधला तो श्रीमंत बाईच्या घरी पोसलेला लेखक त्याला नाचाच्या फरशीवरच कुठेतरी दिसला असणार. सिद्ध नाही करता येणार, माझा आपला अंदाज.

तेव्हा राजीनाम्याचं आत्ता नको. तू पाठवलेली ती न्यूयॉर्कमधल्या जोडप्याची कथा वाचली, ठीक आहे, त्यातलं कुठलंही पान मी फाडलं असतं तरी तू भांडायला आली नसतीस. त्याच मेसेजमध्ये मात्र एक ओळ सहज लिहून गेलीस, त्या आजोबांची, जे दर सोमवारी मोडायचं म्हणून एफडीची पावती आणतात आणि न मोडताच घरी नेतात. ते लिही. तीन पानांच्या वर नको, आजोबा आणि तू, मधे काउंटरची काच, आणि आजोबांना जे म्हणायचंय ते त्यांनी म्हणायचं नाही. पुढच्या सोमवारी ते येऊन गेले की रात्रीच बस लिहायला, आणि पाठवताना पीडीएफ कर, मागच्या वेळी फॉन्ट सगळा तुटून आला होता.