बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट म्हणजे काय? सोलापूरच्या पेठेत असं काही चालेल का?

तुम्ही विचारलंय की परदेशातल्या शहरांत व्यापारी स्वतःच आपल्या बाजारपेठेची झाडलोट, दिवे, पहारा बघतात ते नेमकं कसं चालतं, आणि चाटी गल्लीत तुमच्या मामांचं दुकान आहे तर तिकडे असं काही उभं करता येईल का. माझं कापडाचं दुकान नवी पेठेत आहे आणि आमच्या गल्लीतल्या व्यापारी मंडळाची पावतीपुस्तकं बरीच वर्षं माझ्याच गल्ल्याखाली होती. त्यामुळे मी वसुलीच्या बाजूनं सांगणार. या विषयावरचे व्हिडिओ फुलांच्या कुंड्या आणि बाकडी दाखवतात. खरी गोम वसुलीत आहे.

बिझनेस इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट, थोडक्यात बीआयडी, म्हणजे नकाशावर हद्द आखून दिलेला बाजाराचा एक तुकडा. त्या हद्दीतल्या मिळकतींवर किंवा दुकानांवर नेहमीच्या कराखेरीज थोडी जादा आकारणी बसते. वसूल करते नगरपालिकाच, पण तो पैसा तिच्या तिजोरीत मुरत नाही. त्या भागासाठी नेमलेल्या ना-नफा संस्थेकडे तो वळता होतो. संस्थेच्या मंडळावर तिथले मालक, दुकानदार आणि पालिकेची माणसं असतात. जादा सफाई, पहारेकरी, रोषणाई, पाट्या, सणासुदीची जाहिरात यांवर तो खर्च होतो. एका बाजाराचा पैसा दुसऱ्या वॉर्डात जात नाही. सगळ्यांना रुचतं ते एवढंच.

याची सुरुवात कॅनडात टोरंटो शहरातल्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या पेठेत १९७० साली झाली. रस्त्याखालून मेट्रो धावायला लागली, वरची ट्राम बंद पडली, इकडे मोठमोठे मॉल उभे राहिले. ट्रामच्या खिडकीतून दुकानं न्याहाळत जाणारं गिऱ्हाईक जमिनीखालून परस्पर निघून जायला लागलं. तिथल्या व्यापाऱ्यांची संघटना होती, पण वर्गणी ऐच्छिक. मग त्यांनीच सरकारकडे मागणी केली की सगळ्यांवर सक्तीची आकारणी बसेल असा कायदा करा. व्यापारी आपणहून कर मागतोय, हे आपल्याकडे कुणाला खरं वाटायचं नाही. २०१३ साली एलबीटीविरोधात, म्हणजे स्थानिक संस्था कराविरोधात, महाराष्ट्रभर शटर बंद होती, ती मंडळी अजून गादीवर बसलेली आहेत.

पण मला त्या टोरंटोवाल्यांचं म्हणणं लगेच पटलं. आमच्या गल्लीत रात्री गुरखा फिरतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तो वही घेऊन येतो, पैसे दिले की नावापुढं सही घेतो. कोपऱ्यावरचा एक दुकानदार कधीच देत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "मी का देऊ ओ? तुमच्या शटरपुढनं शिट्टी मारत येतंय ते, माझ्या पुढनंच जातंय की!" त्याचं गणित चोख आहे. पहारा त्याला फुकटात मिळतोय. दिवाळीत माळा लागल्या की उजेड त्याच्याही काचेवर पडतो. त्याचं बघून शेजारचा हात आखडतो, मग त्याच्या शेजारचा, आणि शेवटी चार-पाच जणांच्या खिशावर अख्ख्या गल्लीचा उजेड चालतो. मंडळाच्या गणपतीची वर्गणी लाजेकाजेनं तरी निघते. गटाराच्या झाकणासाठी कुणी लाजत नाही. बीआयडीनं नेमका हाच फुकट्यांचा प्रश्न सोडवला आहे. हद्दीत आहात ना, मग द्यायचेच.

मग जबरदस्तीला लगाम काय? तर मतदान आणि मुदत. इंग्लंडमध्ये २००३ च्या कायद्यानं ही सोय झाली आणि २००५ मध्ये लंडनच्या किंग्स्टनमध्ये पहिला बीआयडी सुरू झाला. तिथं दुहेरी बहुमत लागतं: मतं देणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त डोकी हवीत, आणि त्या मतदारांच्या एकूण करयोग्य मूल्यातही (ज्या रकमेवर मिळकतीचा कर आकारतात ती) निम्म्याहून जास्त हिस्सा हवा. म्हणजे दोन मोठी दुकानं मिळून शंभर टपऱ्यांवर कर लादू शकत नाहीत आणि शंभर टपऱ्याही दोन मोठ्यांवर लादू शकत नाहीत. जास्तीत जास्त पाच वर्षं. पुढं चालवायचं तर पुन्हा मतदान. काम दिसलं नाही तर लोक बंद पाडतात. न्यूयॉर्कमध्ये सत्तरहून जास्त बीआयडी आहेत, तिथं उलटी रीत: प्रस्ताव मांडतात, आणि मालकांपैकी संख्येनं किंवा मूल्यानं ५१ टक्क्यांनी लेखी हरकत घेतली तर तो बारगळतो. गप्प बसलेला मालक तिथं होकारात मोजला जातो. मला इंग्रजांची रीत जास्त सरळ वाटते.

न्यूयॉर्कमध्ये आकारणी मिळकतीच्या मालकावर, इंग्लंडमध्ये मुख्यतः दुकान चालवणाऱ्यावर. कागदावर हा बारीकसा फरक आहे, पण सोलापूरच्या जुन्या पेठांसाठी सगळं यावरच अडतं. अमेरिकेतला मालक पैसे का देतो? बाजार सुधारला की तो भाडं वाढवतो, त्याचे पैसे वसूल. आपल्याकडे चाटी गल्ली, मधला मारुती, टिळक चौक या बाजूला कित्येक दुकानं पिढ्यान्‌पिढ्याच्या भाडेकरूंकडे आहेत. त्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू असेल तर भाडं वर्षाला ४ टक्क्यांनी वाढतं, आणि मुळात ते इतकं कमी असतं की ४ टक्क्यांत काय होणार! अशा मालकाला रस्त्यावर संगमरवर घातला तरी दमडी जास्त मिळत नाही. तो बीआयडीला का हो म्हणेल? फायदा दुकान चालवणाऱ्याचा, म्हणून पैसेही त्यानंच द्यायचे आणि मतही त्यानंच द्यायचं. पण पालिकेच्या कराच्या बिलावर नाव मालकाचं, तो पुण्यात नाहीतर हैदराबादला. दुकान चालवणाऱ्याची नोंद वेगळ्या दप्तरात. हे जुळवायलाच वर्ष जाईल.

पैशाचा अंदाज सांगतो, आकडे केवळ समजण्यापुरते. आपल्याकडे वर्षाच्या अपेक्षित भाड्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघतं. समजा ते सरासरी एक लाख आहे. इंग्लंडात आकारणी साधारण १ ते २ टक्के असते. दीड टक्का धरा. दुकानामागं वर्षाला १,५०० रुपये, महिन्याला सव्वाशे. तीनशे दुकानं असतील तर वर्षाला साडेचार लाख, महिन्याला साडेसदतीस हजार. यात दोन-तीन माणसांचा पगार निघतो, बस. पेव्हर ब्लॉक आणि बहुमजली पार्किंगची स्वप्नं यात बसत नाहीत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर चौकाचे फोटो बघून हुरळायचं नाही ते यासाठी; तिथल्या मिळकतींच्या किमती आपल्या कल्पनेपलीकडच्या आहेत.

पण दोन माणसंही कमी नाहीत. न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कचं उदाहरण मला आवडतं. एकेकाळी नशेबाजांचा अड्डा असलेली ही शहराच्या मालकीची बाग एका खासगी ना-नफा संस्थेनं हाती घेतली आणि १९९२ मध्ये नव्यानं उघडली. तिथलं सार्वजनिक स्वच्छतागृह ताज्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे. फुलांचं जाऊ द्या. लग्नसराईत अक्कलकोट, बार्शी, इंडीकडून बस्ता बांधायला माणसं येतात, बायका पाच-पाच तास दुकानांत असतात, आणि स्वच्छतागृहाचं हळूच काउंटरवरच्या मुलीला विचारावं लागतं. एक स्वच्छ स्वच्छतागृह आणि ते दिवसभर सांभाळणारी एक बाई, एवढं जरी त्या सव्वाशे रुपयांत झालं तर मी पहिली पावती फाडेन.

इथं लोक हमखास विचारतात: आधीच कर भरतो, मग सफाई पालिकेनं नको का करायला? रास्त आहे. म्हणून इंग्लंडात बीआयडी आणि पालिका यांच्यात आधीच लिहून घेतात की पालिका सध्या किती वेळा झाडते, किती दिवे लावते. ते कमी करायचं नाही, बीआयडी करेल ते त्यावरचं. नाहीतर जादा पैसे तुम्ही द्यायचे आणि पालिकेनं आपला झाडूवाला दुसरीकडे हलवायचा, असं व्हायला वेळ लागत नाही. आपल्या शहरात पाणीच रोज येत नाही, तिथं 'सध्याची सेवा' कशाला म्हणायचं हा पहिला वाद होईल. आणि स्मार्ट सिटीशी याची गल्लत नको. २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं. त्या योजनेत पैसा केंद्र आणि राज्याकडून आला, तो मुख्यतः बांधकामाचा. बीआयडी म्हणजे बांधून झालेलं रोजच्या रोज सांभाळणं, आणि तेही स्वतःच्या पैशानं.

आता कायदा. महाराष्ट्रात बीआयडीचा कायदा नाही. घटनेच्या कलम २६५ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता येत नाही, आणि महापालिका १९४९ च्या अधिनियमात दिलेलेच कर लावू शकते. म्हणजे व्यापारी संघटनेनं कितीही ठराव केले तरी कोपऱ्यावरच्या त्या गृहस्थाला सक्ती करता येणार नाही. पण कल्पना आपल्याला अगदीच परकी नाही. बाजार समिती काय आहे? १९६३ च्या कायद्यानं आखलेलं आवार, तिथल्या खरेदीवर शेकड्यामागं फी, निवडून आलेलं मंडळ, आणि त्या पैशातून आवारातल्या सोयी. आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याचे ट्रक लागतात तेव्हा हीच यंत्रणा चालू असते. तिथलं राजकारण सगळ्यांना माहीत आहे, तो भाग वेगळा. पण तिथं हमाल-तोलारांचाही एक प्रतिनिधी मंडळावर असतो. बीआयडीत फेरीवाल्याला सहसा मतच नसतं, कारण त्याच्या नावावर ना मिळकत ना गाळा. जगभर बीआयडीवर होणारी टीका प्रामुख्यानं हीच आहे: रस्ता सगळ्यांचा, कारभार पैसे देणाऱ्यांचा, आणि 'स्वच्छते'च्या नावाखाली गरीब माणूस हलवला जातो. आपल्याकडे तर २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच असावे लागतात. त्यांना बाजूला ठेवून नवी पेठेचा आराखडा केला तर तो कोर्टात जाईल, आणि जावाच.

मग आज करता येण्यासारखं काय? अख्ख्या पेठेच्या मागं लागू नका, एक गल्ली धरा. संस्था रीतसर नोंदवा, बँकेत वेगळं खातं काढा, दोघांच्या सहीशिवाय पैसा निघणार नाही असं करा. पालिकेशी एकाच कामाचा लेखी करार करा, उदाहरणार्थ स्वच्छतागृह चालवणं. वर्गणी दुकानाच्या आकारावर ठेवा, आणि वर्षाचा जमाखर्च गल्लीच्या तोंडाशी फलकावर लावा, कुणी दिले नाहीत त्यांच्या नावांसकट. (हे शेवटचं मी केलं होतं. भांडणं झाली, पण वसुली वाढली.) जमा वर्षाला २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणीचं सीएला विचारा, एका गल्लीची तेवढी जाणार नाही.

मामांना दोन गोष्टी विचारून कळवा: दुकान मालकीचं की भाड्याचं, आणि भाड्याचं असेल तर पालिकेचा कर कोण भरतं. भाडेचिठ्ठी जुनी असेल तर तिचा फोटो काढून त्यातलं कराचं कलम तेवढं इथं लिहा, मग नेमकं सांगता येईल.