उदासीचे शब्द लात्व्हियनमध्ये नेताना

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा तक्ता नीट वाचला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे लात्व्हियन, म्हणजे लात्व्हिया देशाच्या भाषेतले, आणि प्रत्येकासमोर एकच प्रतिशब्द. सॅडला ‘स्कुम्यास’, ग्रीफला ‘बॅदास’, मेलँकलीला ‘ग्रूत्सिर्दीबा’, डिप्रेस्डला ‘देप्रेसीव्स’. कोशाच्या हिशेबाने यातलं काही चुकलेलं नाही. तरीही हा तक्ता समोर ठेवून उदास मनःस्थितीबद्दलचं ते रुग्णांसाठीचं पत्रक भाषांतरित करायला बसू नकोस. का, ते सविस्तर लिहिते.

आधी वाक्याची बांधणी बघ, शब्द नंतर. इंग्रजीत दुःखी माणूस स्वतः कर्ता असतो, ‘आय अ‍ॅम सॅड’ म्हणतो. लात्व्हियन माणसाच्या तोंडी सहज येतं ते ‘मान इर स्कुम्यी’. यातलं ‘मान’ म्हणजे ‘मला’. ‘मला उदास वाटतंय’ हीच रचना! तुझ्या मातृभाषेने ही वाट तुला आयती दिली आहे, आणि तू मात्र इंग्रजीवरून थेट उडी मारून ‘एस एस्मु स्कुम्या’ लिहितेस. व्याकरणात ते बसतं, पण तिथे बोलणारी बाई ठरते. पुरुषाला ‘स्कुम्यश’ म्हणावं लागतं. ‘मान इर स्कुम्यी’मध्ये हा प्रश्नच उरत नाही, आणि पत्रक कोणाच्या हाती पडेल हे ठाऊक नसताना त्याचं मोल फार आहे.

मग विचार कर, हे दुःख आलं कुठून? इंग्रजी शब्द याबाबतीत बरेचदा मोघम असतो, लात्व्हियनमध्ये मात्र निवड करावी लागते. ‘सेरास’ हे मृत्यूनंतरचं, सुतकासारखं पाळलेलं दुःख. २०१३च्या नोव्हेंबरात राजधानी रिगाच्या झोलितूदे भागात दुकानाचं छत कोसळून ५४ माणसं गेली, तेव्हा देशभर तीन दिवस पाळला गेला तो दुखवटा म्हणजे ‘सेरास’. तिथे ‘स्कुम्यास’ फार हलका पडला असता. ‘स्कुम्यास’ला कारण लागतंच असं नाही, संध्याकाळी उगाच दाटून येते ती हुरहुरही त्यात मावते. ‘बॅदास’ला मात्र बहुधा कारण असतं, काहीतरी ओढवलेलं असतं.

हा फरक मनात ठसवायचा तर त्यांच्या लोकगीतांकडे जा. क्रिश्यानिस बारोन्स यांच्या संग्रहाचे खंड १८९४ ते १९१५ या काळात निघाले, त्यात दोन लाख सतरा हजारांहून जास्त गीतं आहेत, बहुतेक चार-चार ओळींची. त्या परंपरेतलं एक गीत तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं: ‘लिकु बॅदु झेम आक्मेञा, पारि गायु द्झियेदादामा.’ दुःख दगडाखाली ठेवलं आणि वरून गात गात चालत गेले. शेवटच्या क्रियारूपावरून कळतं की गाणारी बाई आहे. ‘बॅदा’ (‘बॅदास’चं एकवचन) अशी उचलून दगडाखाली ठेवता येते, ती बाहेरून आलेली वस्तू आहे. तिथे ‘स्कुम्यास’ घालून बघ, माझ्या कानाला तरी ती ओळ उभी राहत नाही. गीताच्या आधीच्या ओळीत ‘एस पार बॅदु नेबॅदायु’ आहे, म्हणजे दुःखाचं दुःख केलं नाही. नाम आणि क्रियापद एकाच मुळाचं. ते मूळ तुझ्या कानात बसलं की ग्रीफ आला रे आला की डोळे मिटून ‘बॅदास’ लिहिणं आपोआप थांबेल.

आता तुझ्या पत्रकाचा गाभा, लो मूड, म्हणजे मनाची खालावलेली अवस्था. मूडला ‘गारास्तावोक्लिस’ हा शब्द बरोबर आहे, पण त्याला ‘स्लिक्त्स’ म्हणजे वाईट हे विशेषण लावलंस तर वाचणाऱ्याला माणूस चिडलेला वाटण्याचा संभव आहे. ‘पाझेमिनात्स’, खालावलेला, हा डॉक्टरांच्या टिपणातला शब्द. रुग्णासाठी मला ‘नोमाक्त्स’ सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याच क्रियापदावरून ढगांनी दाबून टाकलेल्या आभाळासाठीही शब्द येतो, आणि डिसेंबरात जेमतेम पावणेसात तास उजेड पाहणाऱ्या रिगाकराला ते दडपण समजावून सांगावं लागत नाही. ‘देप्रेसिया’, म्हणजे नैराश्याचा आजार, हा शब्द निदानासाठी राखून ठेव. इंग्रजीत डिप्रेस्ड हा शब्द परीक्षेत मार्क कमी पडले तरी वापरतात आणि आजारातही वापरतात. तो सैलपणा लात्व्हियन पत्रकात आणलास, तर नुसता मन दबलेला माणूस घाबरेल, नाहीतर ‘हे माझ्यासाठी नाही’ म्हणून पत्रक बाजूला ठेवेल. मला त्या दुसऱ्या माणसाची जास्त काळजी वाटते.

पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुझ्या पत्रकाच्या शेवटी जोडायची आहे, असं तू लिहिलंस. तिच्या दुसऱ्या प्रश्नात डाउन, डिप्रेस्ड आणि होपलेस असे तीन शब्द शेजारी बसलेत. त्यांना तीन लात्व्हियन शब्द शोधत बसू नकोस. मुळात अशा प्रश्नावलीची तपासून मान्य झालेली लात्व्हियन आवृत्ती जशीच्या तशी घ्यायची असते. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण असतात आणि बेरजेवरून डॉक्टर पुढचं ठरवतात, त्यामुळे एका शब्दाचं वजन बदललं तरी बेरीज बदलू शकते. इथे हौसेला जागा नाही.

बाकीच्या मजकुराचं उलट भाषांतर, म्हणजे लात्व्हियनवरून पुन्हा इंग्रजीत, करून घेणार आहेस, ते कर. पण त्यावर विसंबू नकोस. ‘ग्रूत्सिर्दीबा’ परत इंग्रजीत आणला की मेलँकली मिळतो, तपासणारा खूश होतो. लात्व्हियाच्या पूर्वेकडच्या लात्गालेतल्या एखाद्या गावातली आजी डॉक्टरसमोर बसून स्वतःबद्दल तो शब्द वापरेल का, हे त्यातून कळत नाही. मला तो पुस्तकी वाटतो. ती बहुधा ‘स्मागी आप सिर्दी’ म्हणेल, काळजाभोवती जड झालंय. पत्रकात रुग्णांच्या तोंडची वाक्यं आहेत, तिथे असेच बोल हवेत.

एक छोटी गोष्ट. सिंपथीला ‘सिंपातिया’ लिहू नकोस, लात्व्हियनमध्ये त्याचा अर्थ कोणीतरी आवडणं असा होतो. दुःखात सोबत देणारा शब्द ‘लीद्झ्यूतीबा’. शोकसंदेशातल्या सॉरीलाही तोच.

आता असं कर. तक्ता बाजूला ठेव आणि पत्रकातला पहिला परिच्छेद नव्याने लिही. मग तो भाषा शिकवणाऱ्यांऐवजी तुझ्या घरमालकीणबाईंना आणि ट्रामने कामावर जाणाऱ्या तुझ्या त्या शेजाऱ्यांना वाचायला दे. ‘समजलं का’ असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. ‘हे तुमच्या शब्दांत सांगा’ म्हण, आणि ते जे बोलतील ते तसंच्या तसं उतरवून मला पाठव. त्यावर आपण पुढचे परिच्छेद घेऊ.

तुझ्या
बाई