‘लोकं बघायलेत, पण घेईनात’

नांदेडला माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांत अलीकडे छोटे व्यावसायिक वाढले आहेत. शेवया-पापड करणाऱ्या बायका, मोबाइल दुरुस्तीवाला, गूळ विकणारा तरुण. झोप लागत नाही, घरात चिडचिड होते, अशी तक्रार घेऊन येतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर पडतं. मोबाइलवर रोज मालाची माहिती टाकतो, लोक बघतात, घेत कुणीच नाही. मागोमाग ठरलेलं वाक्य, “माझ्यातच काहीतरी कमी आहे.” हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. त्यासाठी एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई वसमत तालुक्यातल्या. घरची हळद, बचत गटाच्या कर्जातून घेतलेली छोटी चक्की, हळद पावडर आणि काळा मसाला. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्यामुळे मालाबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका होती ती स्वतःबद्दल.

“मॅडम, लोकं बघायलेत, पण घेईनात. मी दहावी शिकलेली, मला नीट बोलता येत नाई. समोरच्याला कळतंच की.”

“भाव कुणी विचारतं का?”

“विचारतात. मग गप होतात.”

“गप झाले की तुम्ही काय करता?”

“चॅट उडवून टाकते. पुन्हा दिसलं की जीव जळतो.”

मी त्यांना एवढंच सांगितलं, पुढच्या भेटीपर्यंत एकही चॅट उडवायची नाही.

पुढच्या वेळी आम्ही दोघी त्यांचा फोन घेऊन बसलो. मी त्यांना मोठ्याने वाचायला लावलं. पुण्याच्या एका बाईंनी सकाळी विचारलं होतं, “भाव काय?” ताईंचं उत्तर रात्री गेलेलं, “अर्धा किलो 150. कुरिअर 80 वेगळे.” पुढे काही नाही. खाली तशाच आणखी चॅट. ताईंचा आवाज बारीक होत गेला.

“या बाईंनी नको म्हटलंय का?”

“नाई.”

“तुम्ही कमी शिकलेल्या आहात असं कुठं लिहिलंय?”

बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिल्या. वर-खाली करून पाहिलं. “लिहिलेलं नाई.”

“मग वाचलं कुठून?”

“माझ्याच मनातून, बघा.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. माझं सगळं काम त्याच पायावर उभं आहे. घटना माणसाला जेवढी पिळत नाही, तेवढा तिचा आपण लावलेला अर्थ पिळतो. ऑनलाइन धंद्यात हे मला सर्वांत ठळक दिसतं, कारण फोन अर्धीच गोष्ट दाखवतो. मेसेज वाचल्याची निळी खूण दिसते, पुढचं काही दिसत नाही. ती रिकामी जागा मन भरून काढतं, आणि धास्तावलेलं मन तिथे वाईटच लिहितं.

“मग विचारा ना त्यांना, काय अडलं ते,” मी म्हटलं.

“नको बाई. मागं लागणं बरं दिसत नाई. भीक मागितल्यागत वाटतं.”

इथे उपदेश करून भागलं नसतं. मी विचारलं, तुमच्या माहेरी-सासरी आधी कुणी काही विकलंय का? आई आठवडी बाजारात मिरची विकायची, म्हणाल्या.

“गिऱ्हाईक भाव विचारून पुढं गेलं तर आई काय करायची?”

त्या पहिल्यांदा हसल्या. “हाक मारायची. ‘ओ वैनी, घ्या की, रंग तर बघा!’ ती बाई बाजार करून परत निघाली की पुन्हा हाक.”

“तरी नाही घेतली तर?”

“दुसरीला हाक.” मग हात मांडीवर ठेवून गप्प झाल्या, आणि स्वतःच म्हणाल्या, “आई भीक नव्हती मागत. धंदा करायची.”

मी याच वाक्याची वाट बघत होते. पहिल्या दिवशी मीच ते सांगून टाकलं असतं, तर ताईंनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन चॅट उडवल्या असत्या. माणसाला त्याचं उत्तर त्याच्याच आयुष्यात सापडू द्यावं, हे मी इतक्या वर्षांच्या कामातून शिकले, आणि ते जमतं तेव्हा मला समाधान वाटतं.

मेसेज तिथेच बसून लिहिला: “ताई, परवा हळदीचा भाव विचारला होता. काही अडचण आहे का? घ्यायची नसली तरी सांगा, मला उपयोग होईल.” गप झालेल्या चौघी-पाचजणींना तो गेला. एकीने उत्तरच दिलं नाही. एकीच्या घरी गावाकडून हळद येते. पुण्याच्या बाईंनी लिहिलं, हळद हवी होती, पण अर्ध्या किलोला एवढं कुरिअर जड वाटलं. म्हणजे ना शिक्षण आडवं आलं होतं, ना बोलणं. 80 रुपये आडवे आले होते! ताईंनी दोन किलोचा पॅक केला, कुरिअर किमतीतच धरलं आणि शेजारणींनी मिळून मागवा असं सुचवलं.

असे बरेच गैरसमज नुसत्या माहितीने सुटतात. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना पाठवायची यादी, घ्या. तिच्यावरून पाठवलेला मेसेज फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो. ताई ज्यांच्यावर रुसल्या होत्या, त्यातल्या कित्येकांना मेसेज मिळालाच नव्हता. म्हणून आता त्या पाकिटावर नंबर छापतात आणि “सेव्ह करा” असं तोंडाने सांगतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून पोस्ट बूस्ट करताना, म्हणजे जास्त लोकांना दाखवताना, काय हवं तेही विचारलं जातं. तिथे मेसेज यावेत हा पर्याय निवडावा आणि माल जिथे पोचवता येतो तेवढाच भाग ठरवावा, नाहीतर लाइक मिळतात आणि गिऱ्हाईक मिळत नाही. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, फोटोखाली किंमत लिहून ठेवा, म्हणजे “भाव काय”ला रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणणारा गिऱ्हाईक नसतो.

मात्र सगळंच मेसेजने सुटत नाही. कर्ज डोक्यावर आहे, झोप उडून आठवडे झाले, जगणं नको वाटतं, असं असेल तर विक्रीचा विचार बाजूला ठेवा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

ताई मध्यंतरी आल्या त्या एक मेसेज दाखवायला. कुणीतरी लिहिलं होतं, “तुमची हळद महाग आहे.” ताईंनी उत्तर दिलेलं, “घरच्या हळकुंडाची आहे, भेसळ नाही, भाव हाच राहील.” रात्री झोप लागली का, मी विचारलं. लागली की, म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलला. त्यांना मोठी चक्की घ्यायची होती. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के अनुदान असतं, जास्तीत जास्त 10 लाख रुपये, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. हा माझा प्रांत नाही. मी त्यांना हिंगोलीच्या कृषी कार्यालयात जायला सांगितलं. काय काय विचारायचं याची यादी त्यांनी आधीच वहीत लिहून आणली होती.