रॉकेलवर तरंगणारे भुंगेरे

प्रश्न : डायाकायला हा भुंगेरा उत्तर ध्रुवाकडच्या थंडीतच राहतो. मग त्याचे अवशेष ब्रिटनच्या गाळात कसे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : शेवटच्या हिमयुगात ब्रिटनमध्ये टुंड्रा होता आणि डायाकायलाच्या आर्क्टिका व पोलिटा या दोन्ही जाती तिथे नांदत होत्या. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी हिमयुग संपले, थंडी हटली आणि ब्रिटनमधून त्या नाहीशा झाल्या. आज आर्क्टिका नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेत, डबक्याकाठच्या ओल्या शेवाळात सापडते. पोलिटाला त्या मानाने कोरडा टुंड्रा लागतो. ती रशियाच्या कोला द्वीपकल्पापासून सायबेरियामार्गे थेट अलास्कापर्यंत आहे. सायबेरिया आणि अलास्का यांच्या मधला समुद्र हिमयुगात कोरडी जमीन होता, हे विसरू नये. आजचा नकाशा पाहून ‘हा किडा मूळचा इथलाच’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे. अफोडियस होल्डेरेरी हा शेणकिडा आज फक्त तिबेटच्या पठारावर आहे, पण त्याचेही तुकडे ब्रिटनच्या हिमयुगीन गाळात निघाले!

प्रश्न : एवढे बारीक तुकडे गाळातून वेगळे कसे करतात?

उत्तर : रॉकेलने. पाचेक किलो गाळ पाण्यात भिजवून हाताने मोकळा करायचा आणि ०.३ मिलिमीटरच्या चाळणीवर धुवायचा. उरलेला चोथा निथळून बादलीत घ्यायचा, त्यात रॉकेल घालून काही मिनिटे हलक्या हाताने कालवायचे आणि जास्तीचे रॉकेल ओतून काढायचे. मग जोरात थंड पाणी सोडायचे. किड्याच्या कवचाला रॉकेल धरते, म्हणून तुकडे वर येतात. पाणी प्यायलेला पालापाचोळा तळाशी बसतो. पंधरा मिनिटे ते तासभर थांबून वरचा थर चाळणीवर घ्यायचा, साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा, शेवटी अल्कोहोलने. हे दोन-तीनदा करावे.

नमुना आधीच वाळला तर सगळे बिघडते. वाळलेला पाचोळाही तरंगतो आणि कवचे आक्रसून तडकतात. म्हणून गाळ खणल्यापासून ओलाच, पिशवीत बंद, थंड जागी ठेवावा. साबण नीट लागला नाही तर तुकड्यांवर रॉकेलचा तवंग राहतो.

भुंगेरा अख्खा जवळजवळ कधीच मिळत नाही. डोके, छातीवरची ढाल आणि पंखकवचे सुटी-सुटी निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली पंखकवचावरच्या रेघा, खड्डे आणि त्यांमधली बारीक जाळी आजच्या जातींच्या संग्रहातल्या नमुन्याशी ताडून पाहावी लागते. चित्रावरून जात ठरवू नये. जाळीचा पोत चित्रात उतरत नाही.