लिनक्सवर पेजमेकर चालवायचं कसं?

प्रश्न : भाऊ, दारव्हा तालुक्यात माझं लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून भाच्यानं कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली. बाकी सगळं झकास, पण पत्रिकेची मांडणी करायचं पेजमेकर आणि यूएसबी लॉकवालं, म्हणजे पेनड्राइव्हसारखी किल्ली लावली तरच चालणारं, मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर काही चढून नाही राहिलं. तुळशीचं लग्न आटोपलं की पत्रिकांची गर्दी होते. मिंट काढून टाकू का?

उत्तर : नका काढू, ताई. पदरचे पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअरही वाया जाऊ देऊ नका. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. त्यात ३२ बिटचं विंडोज ७ टाका, म्हणजे मिंटच्याच एका खिडकीत जुनं विंडोज उघडेल. विंडोजची लायसन्स की मात्र स्वतःचीच हवी.

आधी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का बघा. इंटेलला ते व्हीटी-एक्स आणि एएमडीला एसव्हीएम नावानं दिसतं. रॅम ८ जीबी असेल तर विंडोजला २ जीबी पुरे. ४ च असेल तर आधी रॅम वाढवा, नाहीतर दोन्हीकडे रखडेल.

खरी गाडी अडते ती लॉकपाशी. काही जण विंडोजचे प्रोग्राम थेट लिनक्सवर चालवणारं 'वाइन' वापरा म्हणतील. छोट्या प्रोग्रामला ते चालतं, पण लॉकचा ड्रायव्हर त्यात बहुधा बसत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसतो, फक्त मिंटमधलं तुमचं युजर नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' (vboxusers) या ग्रुपमध्ये घालावं लागतं. ही पायरी हमखास सुटते आणि लोक लॉक बिघडलं समजतात. नाव घालून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, मग वरच्या डिव्हायसेस मेनूत यूएसबीखाली लॉकवर टिक करा आणि विंडोजमध्ये ड्रायव्हर टाका.

सगळं चालू झालं की लगेच व्हर्च्युअलबॉक्समध्ये स्नॅपशॉट घ्या, म्हणजे त्या क्षणीची विंडोजची स्थिती जपून ठेवा. पुढं काही बिघडलं तर तिथवर परत येता येतं. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबले, तेव्हा ॲक्टिव्हेशन झालं की सेटिंगमधून त्याचं नेटवर्क बंद करा. मेल, व्हॉट्सॲप मिंटमध्येच. पत्रिकेची पीडीएफ करून शेअर्ड फोल्डरमधून मिंटमध्ये आणा. जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखे दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीचे, नाहीत, नुसती पेजमेकरची फाइल दुसरीकडे उघडली तर वधूवरांच्या नावांच्या जागी भलतीच अक्षरं येतील.

लाइन गेली आणि यूपीएस ओरडायला लागला, तर आधी फाइल सेव्ह करा, मग खिडकी बंद करताना 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. लाइन आली की विंडोज होतं तिथूनच उघडेल.