बदकाची मान लुळी पडली नि एका दिवसात गेलं, माझंच लक्ष नव्हतं, पोरगी जेवत नाहीये, काय करू?

ताई, आधी तुमचं लक्ष नव्हतं हे डोक्यातून काढा. पक्षी आजार लपवतात, आपल्याला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यात मान लुळी पडली म्हणताय म्हणजे बॉट्युलिझम, म्हणजे सडक्यातल्या जंतूंच्या विषाची बाधा, असू शकतो, आपल्या धुळ्या-जळगावच्या उन्हात साचलेल्या डबक्यात काही सडलं नि ते खाल्लं की होतो, नाहीतर बुरशीचा मका, तो बदकांना कोंबड्यांपेक्षा जास्त बाधतो. दुसरं बदक असेल तर त्याला ते डबकं नि तो मका दोन्ही बंद करा. अजून पक्षी मेले तर हात न लावता सरकारी जनावरांच्या दवाखान्यात कळवा, २००६ ला नवापुरात बर्ड फ्लू निघालेलाच ना. पोरीला लगेच "नवीन आणू" म्हणू नका, रडू द्या. शेजारचे हसतील, बदकासाठी कोण रडतं म्हणून, हसू द्या त्यांना. संध्याकाळी खिचडी करून बघा, खाईल थोडी.